हळदीखालचे दोन मासे

पुतळाच्या हळदीला सुनीतीबाई गेल्या त्या केवळ गोटीरामला नाही म्हणवेना म्हणून. गोटीराम नवरीचा बाप, त्यांच्या कॉलेजच्या लायब्ररीत शिपाई. पंधरा वर्षं त्यानं वरच्या फळीवरची पुस्तकं शिडी लावून काढून दिली, धूळ झटकून दिली, पण "मॅडम, हे चिन्यांचं वाचून तुमाला काय मिळतं?" असं एकदाही विचारलं नाही. बाकी सगळ्यांचं विचारून झालं होतं. तेवढ्या उपकारापोटी वैशाखाच्या उन्हात वाशीहून उरणची एस.टी. धरायला हरकत नव्हती.

गोटीरामचं गाव आवळेपाडा, द्रोणागिरीच्या पायथ्याशी. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला खाडी, आणि मधली भाताची खाचरं आता मुरमाच्या भरावाखाली गेलेली. मांडवात कर्ण्यावर सिनेमाची गाणी चालली होती. गोटीरामनं बाईंना पुढे लोखंडी खुर्चीवर बसवलं, हातात सरबताचा पेला दिला आणि मुलीच्या बापाच्या धांदलीत तो निघून गेला. थोड्या वेळानं कर्णा बंद झाला. काष्ट्याचं लुगडं नेसलेली, सत्तरी ओलांडलेली, बारीक चणीची एक म्हातारी डोक्यावर वेताची टोपली घेऊन आली, तशा बायका सरकून तिला वाट देऊ लागल्या.

"शेवंताबाय. माझी आत्या," गोटीराम जाता जाता वाकून सांगून गेला. "धवलारीन हाय. आमच्यात भटाआधी हिचा मान. हिनं धवला म्हटल्याबिगर नवरीला हलद लागत नाय."

म्हातारीनं टोपलीवरचं फडकं सोडलं. आत तांदूळ होते, आणि तांदळात रुतवून बसवलेला एक वाडगा. तिनं तो दोन्ही हातांनी उचलून पाटावर ठेवला. वाडग्यात काठाखाली चार बोटांपर्यंत हळद होती. आणि हळदीच्या वर, काठाच्या आतून बाहेरून, तो रंग.

हिरवा म्हणावा तर हिरवा नाही, निळा म्हणावा तर निळाही नाही. उथळ खाडीच्या पाण्यावर ढगाआडचं ऊन पडावं तसा. काठाला किंचित पन्हळ, झिलईवर केसाएवढ्या बारीक रेघांची जाळी. सुनीतीबाईंनी हा रंग पुस्तकांतल्या काळ्यापांढऱ्या चित्रांत पाहिला होता, म्हणजे पाहिलाच नव्हता. आणि म्युझियमच्या काचेआड दोनदा पाहिला होता. हा वाडगा चीनच्या लुंगच्वानच्या भट्टीतला. पाचशे वर्षांचा तरी, सहाशेचाही असेल. त्यांना हे कुणी सांगावं लागलं नाही, आणि पुन्हा खात्रीही करून घ्यावी लागली नाही.

एवढं कळल्यावर माणसाच्या अंगावर काटा यावा. बाईंच्या आला नाही. त्यांनी सरबत संपवलं, पेला खुर्चीखाली ठेवला. समोर म्हातारी धवल्याची, म्हणजे लग्नगाण्याची, एकेक ओळ म्हणत होती, बायका ती मागून ओढत होत्या, पुतळाच्या गालाला हळद लागत होती. बाई एकच गोष्ट मनात घोळवत होत्या: याचं बूड बघायला मिळालं पाहिजे.

*

भांड्याचं वय बुडावर लिहिलेलं असतं. झिलई फसवते, नक्षी फसवते. पण बुडाची कड कशी तासली आहे, उघडी माती भाजून कोणत्या रंगाची झाली आहे, भट्टीत ठेवताना आधार कुठे दिला होता, हे खोटं बोलत नाही. म्हणून जाणकार माणूस भांडं हातात आलं की आधी पालथं करतो. सुनीतीबाईंना हे पुस्तकातून ठाऊक होतं. पालथं करायला भांडं कधी हातात आलंच नव्हतं.

त्यांच्या साऱ्या विद्येचं असंच झालेलं. चिनी भाषा त्या शिकल्या माझगावातल्या एका चिनी दंतवैद्याकडून. ल्याँग मास्तर कवळ्या बनवायचे, आणि त्यांच्या स्वतःच्या मुलींना इंग्रजीशिवाय काही नको होतं, म्हणून एम.ए.च्या या गिरगावातल्या मुलीला दर रविवारी सकाळी फुकट शिकवायचे. कवळ्यांच्या साच्यांमधली जागा करून वही उघडायची, एकेक अक्षर शंभर वेळा काढायचं. चार वर्षांत तिच्या सात वह्या भरल्या. चिनी नाखवे कोकणच्या कोणत्या बंदरांना कशासाठी येत, हे तिला मुळातून वाचायचं होतं.

मग बासष्ट साल आलं. युद्ध सुरू झालं त्या आठवड्यात दिवाळी होती. अण्णा सचिवालयात हेडक्लार्क; शेजारच्या बिऱ्हाडात पोलीस कुणाची तरी चौकशी करून गेले, एवढंच निमित्त झालं. नरकचतुर्दशीच्या पहाटे अण्णांनी तिच्या सातही वह्या बंबात घातल्या. तिला उठवलं ते अभ्यंगाला. आई उटणं लावत होती, पाणी कढत होतं. "हे असलं घरात नको आता," एवढंच अण्णा बाहेरून म्हणाले. पुढच्या रविवारी ती माझगावला गेली तर दुकानाला कुलूप. मास्तरांना कुटुंबासकट राजस्थानातल्या छावणीत नेलं म्हणाले. पुढे काय झालं, कळलं नाही.

मास्तर दाढ काढण्याआधी सुई टोचून हिरडी बधिर करायचे आणि पेशंटला सांगायचे, दुखतंय तर अजूनही, फक्त तुला कळवत नाहीये. सुनीतीबाईंचं नंतरचं सगळं तसंच झालं. त्यांचं नंदकिशोरांशी लग्न झालं, एकाहत्तरला पीएच.डी. झाली, तीही इंग्रजी भाषांतरांच्या आधारानं. कॉलेजात चीनचा इतिहास घेणारं कुणी नव्हतं. त्यांनी वीस वर्षं राष्ट्रीय चळवळ शिकवली, पेपर दुसरा. शहात्तरला नंदकिशोरांची कंपनी बेलापूर रस्त्यावर आली म्हणून वाशीला राहायला आले, तेव्हा चिखलात फळ्या टाकून इमारतीत शिरावं लागे. बाईंनी पुस्तकं डोक्यावरून नेली. कोरी कार्डं आणायची, बारीक अक्षरात नोंद करायची, बुटांच्या खोक्यात लावायची. चोवीस खोकी झाली होती. नेम म्हटलं तर नेम. पण देवापुढे बसणारीला निदान समोर मूर्ती असते.

आणि आता, पंच्याऐंशी साली, दिल्लीहून पत्र आलं होतं. जानेवारीत समुद्रमार्गे झालेल्या देवघेवीवर चर्चासत्र होतं, आणि कैक वर्षांनी प्रथमच चीनमधले इतिहासकार येणार होते. ज्याचा निबंध पसंत पडेल त्याला सहा आठवडे चीनला नेणार होते, थेट फूच्येनच्या किनाऱ्यावर. खाली एक ओळ होती: ग्रंथांतले पुरावे सगळेच देतात, आपल्याकडे प्रत्यक्ष वस्तू असल्यास, बुडाच्या छायाचित्रासह, प्राधान्य दिले जाईल.

हळदीहून घरी आल्यावर बाईंनी चप्पल काढता काढता सांगितलं, "एक वाडगा सापडलाय. लुंगच्वानचा."

नंदकिशोर पेपर वाचत होते. त्यांनी चष्मा वर केला. "अगं, मग मिळालं की चीन! आणि सांगतेयस अशी, जसं काही दूध नासलंय."

"बूड बघितल्याशिवाय उपयोग नाही."

"मग बघ की. वाडगा तर आहे. असा धरायचा आणि असा उलटा..."

"त्यांच्यात चालत नाही म्हणे."

*

चालत नव्हतंच. ते बाईंना दुसऱ्या खेपेला कळलं, तिसऱ्या खेपेला नीट समजलं.

शेवंताबाईचं घर गावाच्या टोकाला, भरावाला लागून. सरकारनं घेतलेल्या जमिनीच्या पैशातून पोरानं पुढे स्लॅबचं बांधकाम काढलं होतं, म्हातारी मागच्या कुडाच्या खोलीत राहायची. तिथं कोनाड्यात टोपली, टोपलीत तांदूळ, तांदळात वाडगा. रोज अंघोळ झाली की तोंडात पाण्याचा थेंब घालायच्या आधी ती चिमूटभर हळद त्यात टाकायची आणि हात जोडायची. बावन्न वर्षं एक दिवस खाडा नाही.

"आजारी पडलात तर?" बाईंनी विचारलं.

"मंग काय झाला? हात तर हलतो ना."

"आणि बाळंतपणात?"

"तवा सासू जिती व्हती, तीच घाली. भांडा तिचाच व्हता. तिच्या सासूचा त्याच्या आदी. रिकामा ठेवाचा नाय नि पालथा घालाचा नाय. मरताना मातर घालतान."

"म्हणजे?"

सून सखू दारात उभी होती. ती म्हणाली, "धवलारीन मेली का तिच्या उशाशी भांडा पालथा घालतान, बाय. मंग जी नवी धवलारीन असेल ती उचलून सुलटा करतं, हलद भरतं नि भरनीचा धवला म्हनतं. तवा ती खरी. मना कोन विचारील तर मी सांगताव, मना नाय जमाचा. मी कंपनीत पॅकिंगला जाताव. आठ तास उभी."

"हिला एक वली येत नाय," म्हातारी म्हणाली. वली म्हणजे ओळ. रागानं नाही, नुसतं सांगावं तसं.

भरणीचा धवला इतर धवल्यांसारखा नव्हता. बाकीच्यांत बायका मागून ओढतात. हा एकटीनं, हळू आवाजात, वाडगा भरताना म्हणायचा. तो वाडग्याबरोबर सासूकडून सुनेकडे येत होता. हे सगळं बाईंनी ऐकलं आणि घरी येऊन कार्डावर लिहिलं. कार्डाच्या डोक्यावर त्यांनी लिहिलं होतं, 'पात्र पाहण्यातील अडचणी'.

आषाढ गेला, गणपती गेले. बाई दर महिन्याला जात राहिल्या. कधी भांड्याचा विषय काढत, कधी नुसत्या बसून येत. शेवंताबाई त्यांना कोळंबीची आमटी वाढायची. बाई खात नसत म्हणून मग नुसता भात नि वाल. एकदा म्हातारीला ताप आला होता. ती गोधडीत कण्हत पडलेली, सखू कपाळावर पट्ट्या ठेवत होती. बाई पायथ्याशी बसल्या. बसल्या बसल्या त्यांच्या लक्षात आलं, आपण दिवस मोजतोय. निबंध पाठवायची मुदत पंधरा डिसेंबर. आज वीस सप्टेंबर. हे लक्षात आल्यावर लाज वाटायला हवी, असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली. लाजही आली नाही. मग त्यांनी सखूच्या हातातली पट्टी घेतली आणि भिजवून ठेवली.

ताप उतरला. नवरात्रानंतर बाई गेल्या तेव्हा म्हातारी ओटीवर तांदूळ पाखडत होती. तिनंच विचारलं, "बाय, तुला तो भांडा कशाला बघाचाय, येकदा सरल सांग. गोटीराम सांगतं ते मना समजत नाय."

बाईंनी सांगितलं. चीन कुठे, किती दूर. तिथली गलबतं कशी यायची. आपण पंचवीस वर्षं याच एका गोष्टीमागे आहोत आणि हातात कागदाशिवाय काही आलं नाही. बूड पाहिलं तर जगाला दाखवता येईल की त्यांचं भांडं आपल्या खाडीच्या घरात नांदलं. आणि आपल्याला तिकडे जाता येईल. बोलताना त्यांचा आवाज वर्गात तारखा सांगतात तसा सपाट होता.

शेवंताबाई सूप थांबवून ऐकत होती. "पंचवीस वरसां? नि येकदा पन तिकरं गेली नाय?"

"नाही."

"अगं माझे बाय!" म्हातारी खरोखर हळहळली. मग बराच वेळ पाखडत राहिली. शेवटी म्हणाली, "यंदा मना दोन लग्नांना बोलावला. दोन. पयले वीस-वीस व्हायचे. आता बेंडवाला येतो, भट येतो, पोरां म्हनतान आजे, अर्ध्या तासात आटप. मी मेल्यावर भांडा पालथा पडेल तो पडेलच, हुचलाला कोन हाय? मंग तो तुज्या कामाला तरी येऊ दे. तुलशीचा लगीन झाला का ये. मी माज्या हातानं घालीन पालथा."

गोटीराम त्यांना परतीच्या वाटेला फाट्यापर्यंत सोडायला आला. फाट्यावर एस.टी.ची वाट बघताना म्हणाला, "मॅडम, आत्यानं भांडा पालथा घातला म्हंजे ती संपली. म्हंजे मरायची नाय. पन मंग ती धवला म्हनत नाय. ती शेवटची खेप. तुमाला ठाव हाय ना?"

"हो," सुनीतीबाई म्हणाल्या. त्यांना ठाऊक होतं. त्यांनी ते असं समजून घेतलं होतं, की शेवंताबाई बहात्तर वर्षांच्या आहेत. कॉलेजात साठाव्या वर्षीच निवृत्त करतात.

*

तुळशीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी बाई सगळी तयारी करून निघाल्या. नंदकिशोरांचा कॅमेरा, फ्लॅश, दोन रोल, पोलादी पट्टी, माप घ्यायचा कैवार, मागे धरायला काळं कापड. गोटीरामनं आदल्या दिवशी लायब्ररीत विचारलं होतं, "ऑफिसातला टेप आनू का? तोंडानं म्हनेल ते सगला येल त्याच्यात."

"कशाला? ओझं होईल," बाई म्हणाल्या होत्या.

मागच्या खोलीत सखू, पुतळा आणि शेजारच्या चार बायका होत्या. सारवलेल्या जमिनीवर रांगोळी काढली होती. शेवंताबाई नव्या लुगड्यात, केस विंचरून, लग्नाला निघाल्यासारखी. तिनं टोपली खाली घेतली. शेवटचं भरायचं म्हणून कुटलेली ताजी हळद ताटात होती, शेजारी सुपात तांदूळ होते. ती पाटावर बसली, तिनं मूठभर हळद उचलली आणि म्हणायला सुरुवात केली.

तेवढ्यात बाईंच्या लक्षात आलं, की खोलीत उजेड अगदीच कमी आहे. त्या उठून खिडकीचं फळकट उघडायला गेल्या. फळकट अडकलं होतं. गोटीरामला खूण करून बोलावलं. फ्लॅशचा लाल दिवा लागत नव्हता, म्हणून सेल काढून उलटसुलट करून पाहिले. काळं कापड कुठं टांगायचं त्याची जागा पाहिली. मागे म्हातारीचा आवाज चालू होता, बारीक, एका सुरात, मध्येच थांबणारा नि पुन्हा वर येणारा. पुतळा रडत होती. बाईंनी पट्टी रुमालानं पुसली.

वाडगा काठोकाठ भरला तेव्हा आवाज थांबला. मग शेवंताबाईनं त्यातली हळद ओंजळीनं काढून एकेकीच्या कपाळाला लावली. बाईंच्याही लावली, बाईंनी डोळे मिटले आणि उघडले. उरलेली हळद तुळशीत गेली. आणि म्हातारीनं पदरानं वाडग्याचा तळ पुसला, तसे तळाशी दोन मासे वर आले. बोटभर लांबीचे, एकमेकांमागे फिरणारे, झिलईखाली उठावदार, आत्ता पाण्यातून काढल्यासारखे ओले.

"अगो, मासल्या!" सखू म्हणाली. तिनं सासरी आल्यापासून पहिल्यांदा पाहिल्या.

"सासूनं मना दावल्या व्हत्या," शेवंताबाई म्हणाली. "येकदाच."

तिनं त्यांच्यावरून बोट फिरवलं. मग दोन्ही हातांनी वाडगा उचलून सुपातल्या तांदळावर पालथा ठेवला, त्याच्यावर डोकं टेकलं, आणि उठून भिंतीशी जाऊन बसली. "घे बाय," ती म्हणाली.

बूड पाहिजे तसंच होतं. कड जाड, तिरकी तासलेली. मधली झिलई गोल वर्तुळात काढून टाकलेली आणि तिथली माती भाजून विटेसारखी तांबडी झालेली. पंचवीस वर्षं वाचलेली सारी लक्षणं एकाखाली एक. बाईंनी एकतीस फोटो घेतले, व्यास मोजला, उंची मोजली, आकडे दोनदा पडताळून वहीत लिहिले. काम आटोपल्यावर त्यांनी म्हातारीला वाकून नमस्कार केला. शेवंताबाईनं त्यांच्या तोंडावरून हात फिरवला.

*

दिल्लीला थंडी होती. सभागृहात बाईंचा निबंध वीस मिनिटांत वाचून झाला. पडद्यावर वाडग्याचं बूड आलं तेव्हा मागच्या रांगेतले लोकही पुढे झुकले. पाहुण्यांमधले सर्वांत वृद्ध, प्राध्यापक लिन, चहाच्या वेळी मुद्दाम त्यांना शोधत आले. बाईंनी तेवीस वर्षांनी चिनी वाक्य तोंडातून काढलं. ते हसले, म्हणाले, तुमचे उच्चार दक्षिणेकडच्या जुन्या माणसांसारखे आहेत, कुणी शिकवलं? बाई म्हणाल्या, एका दंतवैद्यांनी.

मग लिन यांनी खिशातून वही काढली, पेनाचं टोपण उघडलं. "बुडाबद्दल मला शंका नाही," ते म्हणाले. "अशी बुडं आमच्याकडे ढिगानं आहेत, आमच्या गावच्या नदीत पाय घातला तर लागतात. पण हे भांडं पाचशे वर्षं कुणी भरत होतं, असं मी कुठं ऐकलेलं नाही. आमच्याकडे जोड-माशांचं भांडं मुलीला लग्नात देत. ते भरताना बायका काहीतरी म्हणत. काय म्हणत ते आमच्याकडे आता कुणाला येत नाही. तुम्ही लिहिलंय की ही बाई भरताना गाते. काय गाते?"

"शब्द मी लिहून घेतले नाहीत," सुनीतीबाई म्हणाल्या.

"एखादी ओळ?"

बाईंनी आठवून पाहिलं. बारीक आवाज आठवला. खिडकीचं फळकट आठवलं, सेल आठवले. शब्द एकही नव्हता.

"नाही."

प्राध्यापक लिन यांनी पेनाचं टोपण सावकाश बसवलं. "काही हरकत नाही," ते म्हणाले. "पुन्हा जाल तेव्हा विचारा."

फाल्गुनात निवडीचं पत्र आलं. सहा आठवडे, सप्टेंबरपासून. प्रवासाआधी निबंध पुरा करून पाठवावा, विशेषतः गीताच्या संहितेसह, अशी विनंती होती. नंदकिशोरांनी पत्र दोनदा मोठ्यानं वाचलं, खाली जाऊन पेढे आणले, आणि सोसायटीत वाटून आले. "आता तरी हस की जरा, चीनच्या बाई!" ते म्हणाले. बाई हसल्या. मग पेढ्यांचा एक पुडा त्यांनी पिशवीत घातला.

शेवंताबाई ओटीवर उन्हाला बसली होती. अंगानं उतरली होती. पण बाईंना पाहून तोंडभर हसली. "झाला काम? जातंस तिकरं?"

"जातेय. तुमच्यामुळे."

"माज्यामुलं काय! भांड्यामुलं." तिनं पेढा घेतला, अर्धा मोडून सखूला दिला.

बाईंनी वही काढली. "शेवंताबाई, एक विचारायचं होतं. तो भरणीचा धवला. म्हणू नका, नुसते शब्द सांगा. मी लिहून घेते."

म्हातारीचा हात थांबला. "ता आता कसा सांगू? भांडा पालथा हाय."

"गाऊ नका. बोलून दाखवा."

"बाय, म्हनला काय नि बोलला काय, येकच." ती समजावणीच्या सुरात म्हणाली, मुलाला सांगावं तसं. "सासू गेली तवा भांडा तिच्या उशाशी पालथा व्हता, नि मी त्याच्या आदीच सगला शिकून घेतला. मागून विचाराला कोन असतं? मी पन आता गेल्यातच हाय." मग तिच्या काहीतरी ध्यानात आलं. "पन तुला कशाला पायजे? त्या दिशी मी म्हनला ना. सगला म्हनला, येक वली सोडली नाय. तू इकरंच व्हतीस."

"होते."

"मंग?"

"माझं लक्ष नव्हतं," सुनीतीबाई म्हणाल्या.

सखूनं मान फिरवली. शेवंताबाई त्यांच्याकडे पाहत राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग आला नाही. आला असता तर बाईंना धरायला काहीतरी मिळालं असतं.

"मी समजली, तू आयकतंस," ती शेवटी म्हणाली. "म्हनून मी सावकास म्हनला."

भरावावर मातीच्या गाड्या रिकाम्या होत होत्या. मग म्हातारीनं उरलेला पेढा तोंडात टाकला, पदराला बोटं पुसली. "तिकरं जाशील तर त्यांना सांग," ती म्हणाली, "भांडा आमी नीट ठेवला. येक टवका पन उडाला नाय."

"सांगेन."

कोनाड्यात सूप तसंच होतं, तांदळावर वाडगा पालथा. तांबडं बूड वर. बाईंनी जाताना त्याच्याकडे पाहिलं. त्यांना ते पूर्ण पाठ होतं.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी दुपारी, पेपर तपासून झाल्यावर त्यांनी निबंध पुढे घेतला. गीताच्या जागी तळटीप लिहायची होती. 'गीत उपलब्ध नाही' असं त्यांनी लिहिलं आणि वाचून पाहिलं. ते खरं नव्हतं. त्यांनी ते खोडलं आणि त्याखाली लिहिलं: 'दिनांक २५ नोव्हेंबर १९८५ रोजी हे गीत श्रीमती शेवंताबाई यांनी प्रस्तुत लेखिकेसमोर पूर्ण म्हटले. लेखिकेने ते ऐकले नाही.'

"अशी तळटीप असते का कुठं?" नंदकिशोर खांद्यावरून वाचत म्हणाले. "काढून टाक. तुझंच हसं होईल. कदाचित जाणंही रद्द करतील."

"करू देत," बाई म्हणाल्या, आणि कागद टाइप करायला द्यायच्या पाकिटात घातला.